सामना क्रिकेटचा, सौदा प्रेक्षकांचा

सप्टेंबर २०२५मध्ये अमिरातीत आशिया कप खेळायला उतरलेल्या भारतीय संघाच्या निळ्या जर्सीवर छातीशी एकाही कंपनीचे नाव नव्हते. महिनाभरापूर्वी संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला होता. त्यामुळे ‘ड्रीम ११’ने मंडळासोबतचा ३५८ कोटींचा करार अर्ध्यावर सोडला. नवा प्रायोजक मिळेपर्यंत संघ नुसत्या देशाच्या नावाने खेळत होता. स्पर्धा संपण्याआधीच नवा करार जाहीर झाला आणि पुढच्या मालिकांसाठी ही रिकामी जागा टायर बनवणाऱ्या कंपनीकडे गेली.

या छातीवरच्या जागेचा इतिहास पाहिला तर गेल्या तीस-बत्तीस वर्षांतल्या भारतीय बाजाराचा आलेख समोर येतो. १९९३पासून तिथे सिगारेट विकणाऱ्या कंपनीचे ‘विल्स’ होते. २००१मध्ये ‘सहारा’ आले. त्या समूहाच्या दोन कंपन्यांना २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुंतवणूकदारांचे चोवीस हजार कोटींहून अधिक रुपये परत करायला सांगितले. २०१४मध्ये सामने दाखवणारी वाहिनी ‘स्टार’ स्वतःच छातीवर आली. २०१७मध्ये चिनी मोबाइल कंपनी ‘ओप्पो’ पाच वर्षांचे १०७९ कोटी मोजून आली आणि दोन वर्षांत निघून गेली. मग शिकवणीचे ॲप ‘बायजूज’ आले. त्याच्याकडे थकलेल्या सुमारे १५९ कोटींसाठी क्रिकेट मंडळाला दिवाळखोरी न्यायाधिकरणाचे दार ठोठवावे लागले. त्यानंतर ‘ड्रीम ११’ आले. ज्या काळात ज्या धंद्याला लोकांच्या खिशात हात घालायची घाई होती, तो धंदा त्या काळात देशाच्या नावाशेजारी बसला.

हा केवळ जर्सीचा प्रश्न असता तर मी त्यावर लिहिले नसते. टीव्हीवर दिसणारा व्यावसायिक खेळ नेमके काय विकतो, आणि त्या विक्रीची किंमत कोण चुकवतो, हा माझ्या आस्थेचा विषय आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

तिकीटबारीचा काळ

क्रिकेटमध्ये पैसा टीव्हीमुळे आला, हा समज चुकीचा आहे. मुंबईच्या जिमखान्यांमधल्या स्पर्धेला तिकीट काढून हजारोंची गर्दी होत असे. पारशी, युरोपियन आणि हिंदू संघांच्या जोडीला १९१२मध्ये मुस्लीम संघ आला आणि ही स्पर्धा चौरंगी झाली. १९३७मध्ये ‘द रेस्ट’ हा पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. वझीर अली, मुश्ताक अली, सी. के. नायडू, विजय मर्चंट या नावांभोवती मैदाने भरत. धर्माच्या नावाने संघ असणे गांधीजींना मान्य नव्हते. डिसेंबर १९४०मध्ये त्यांनी तसे जाहीरपणे सांगितले. तरीही स्पर्धा चालू राहिली, कारण इतर अनेक कारणांबरोबर तिकिटांच्या उत्पन्नाचे गणितही तिच्या बाजूने होते. अखेर १९४६मध्ये ती थांबली.

म्हणजे खेळ, पैसा आणि धर्माची ओळख हे त्रिकूट जुनेच आहे. फरक एवढाच की तेव्हा पैसा तिकीट काढणाऱ्याच्या खिशातून यायचा. गिऱ्हाईक प्रेक्षक होता आणि माल होता सामना. टीव्हीने हे नाते उलटे केले. जाहिरातदार गिऱ्हाईक झाला आणि घरात बसलेला प्रेक्षक माल झाला. वाहिनी जाहिरातदाराला सामना विकत नाही. सामना पाहायला बसलेल्यांचे डोळे विकते.

आठ चेंडूंचे षटक सहाचे झाले

हा उलटफेर क्रिकेटमध्ये पहिल्यांदा स्पष्ट दिसला तो ऑस्ट्रेलियात. ‘चॅनल नाइन’चे मालक केरी पॅकर यांना तिथल्या सामन्यांचे हक्क हवे होते. त्यांनी देऊ केलेली रक्कम जास्त होती, तरी मंडळाने जाहिराती न दाखवणाऱ्या सरकारी ‘एबीसी’कडेच हक्क ठेवले. १९७७मध्ये पॅकरने जगभरातले आघाडीचे खेळाडू गुपचूप करारबद्ध करून स्वतःची ‘वर्ल्ड सिरीज’ उभी केली. टोनी ग्रेग, क्लाइव्ह लॉइड आणि चॅपेल बंधूंबरोबर पाकिस्तानचे मुश्ताक मोहम्मद, आसिफ इक्बाल, माजिद खान, झहीर अब्बास, इम्रान खान हेही त्यात होते. इंग्लंडमध्ये या खेळाडूंवर बंदी घालण्याचा प्रयत्न झाला, पण लंडनच्या उच्च न्यायालयाने तो रोजगाराच्या स्वातंत्र्याविरुद्ध ठरवला.

आज आपण ज्याला क्रिकेटचे नैसर्गिक रूप समजतो, त्यातले बरेचसे या दोन वर्षांत घडले. प्रकाशझोतातले सामने, रंगीत कपडे आणि पांढरा चेंडू तिथून रुळले. मैदानाच्या दोन्ही टोकांना कॅमेरे आले. त्याआधी एकाच टोकाला कॅमेरा असल्यामुळे एकाआड एक षटकात प्रेक्षकाला फलंदाजाची पाठ पाहावी लागे. नोव्हेंबर १९७८मध्ये सिडनीच्या मैदानावर दिवस-रात्र सामन्याला चाळीस हजारांहून अधिक लोक आले. मे १९७९मध्ये मंडळाने तडजोड केली आणि प्रक्षेपणाचे हक्क ‘चॅनल नाइन’ला मिळाले.

तडजोडीनंतरच्या पहिल्याच हंगामात, म्हणजे १९७९-८०मध्ये, ऑस्ट्रेलियाने आठ चेंडूंचे षटक सोडून सहा चेंडूंचे षटक स्वीकारले. इतर बहुतेक देशांत सहाचे षटक होतेच. पण वाहिनीच्या बाजूने हिशेब करून पाहा. तीनशे चेंडूंचा डाव आठाच्या षटकांनी साडेसदतीस षटकांत संपतो. सहाच्या षटकांनी पन्नास षटके होतात. डाव तेवढाच, पण षटक संपल्यावर जाहिरात दाखवायच्या जागा एकतृतीयांशाने वाढल्या. फुटबॉलच्या पंचेचाळीस मिनिटांच्या सलग खेळात जाहिरातीला फट सापडत नाही. क्रिकेटमध्ये दर चार मिनिटांना ती आपोआप उघडते. टीव्हीच्या बाजाराने क्रिकेटवर एवढा जीव का टाकला, याचे उत्तर या फटीत आहे.

पैसे देणारे मंडळ, घेणारे मंडळ

आपल्याकडे तेव्हा चित्र अगदी वेगळे होते. मुंबई दूरदर्शन १९७२ला सुरू झाले, दूरदर्शनवर जाहिराती १९७६पासून आल्या आणि रंग १९८२ला. १९८३च्या विश्वचषकाचा अंतिम सामना देशाने पाहिला, पण त्याच स्पर्धेतली कपिल देवची झिम्बाब्वेविरुद्धची नाबाद १७५ची खेळी कुठल्याच कॅमेऱ्याने टिपली नाही. नागपूरचे एन. के. पी. साळवे मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकाराने १९८७चा विश्वचषक भारत-पाकिस्तानात आला, तो ‘रिलायन्स कप’ या नावाने. इंग्लंडमधल्या पहिल्या तीन स्पर्धा ‘प्रुडेन्शियल’ या विमा कंपनीच्या नावाच्या होत्या. १९९२ची स्पर्धा एका सिगारेटच्या नावाची झाली, १९९६ची दुसऱ्या सिगारेटच्या.

तरीही मैदानावर नाव विकणे वेगळे आणि पडदा विकणे वेगळे. पडदा सरकारचा होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सामना दाखवायचा म्हणजे दूरदर्शन उपकार करते, अशी रीत होती. नोव्हेंबर १९९३मध्ये ‘हिरो कप’च्या वेळी ही रीत मोडली. बंगाल क्रिकेट संघटनेने हक्क एका परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शनने दर सामन्यामागे संघटनेकडूनच पाच लाख मागितले होते. सरकारने १८८५च्या तार कायद्याकडे बोट दाखवले. देशाच्या हवेतून संदेश पाठवण्याचा अधिकार एकट्या सरकारचा, असे त्याचे म्हणणे होते. कंपनीची यंत्रसामग्री मुंबईत सीमाशुल्क खात्याने अडवली. प्रकरण कोलकात्याच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शेवटच्या षटकात सचिनने सहा धावा होऊ दिल्या नाहीत, हे आपल्याला आठवते. त्याच आठवड्यांत न्यायालयात चाललेली लढाई मात्र फारशी कुणाला आठवत नाही.

९ फेब्रुवारी १९९५ला निकाल आला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांचे ते पीठ होते. या निकालाने सांगितले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही. पण पैसेवाल्यांची मक्तेदारीही तितकीच घातक आहे, हेही त्यात होते. म्हणून लोकांच्या वतीने या मालमत्तेचे नियमन करणारी स्वतंत्र सार्वजनिक संस्था हवी, असे न्यायालयाने म्हटले.

निकालाचा पहिला अर्धा भाग बाजाराने लगेच उचलला. दुसरा अर्धा भाग तिथेच राहिला. प्रसार भारती १९९७मध्ये आली खरी, पण खासगी वाहिन्या काय दाखवतात, यावर देखरेख करणारी स्वतंत्र वैधानिक संस्था आजही नाही. २००७मध्ये कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शनला देणे बंधनकारक झाले आणि त्यावरच्या जाहिरातींचे उत्पन्न ७५:२५ असे वाटायचे ठरले. पण २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हे प्रक्षेपण खासगी केबलवरून दाखवता येणार नाही. ज्याच्या घरी केबल आहे, त्याला सामन्यासाठी पैसे मोजून क्रीडावाहिनी घ्यावी लागते. मालमत्ता सार्वजनिक, पण तिचे दार पैशाने उघडते.

एका चेंडूचे एकोणपन्नास लाख

१९९६च्या विश्वचषकापासून पुढचा वेग सर्वांनी पाहिला. मार्क मस्कारेन्हास यांच्या ‘वर्ल्डटेल’ने एक कोटी डॉलर मोजून टीव्ही हक्क घेतले. एका शीतपेयाने अधिकृत पेयाचा मान विकत घेतला, तर दुसऱ्याने अधिकृतपणाचीच खिल्ली उडवणारी जाहिरात करून बाजी मारली. २००८ला आयपीएल आले. इथे विक्री षटकांच्या मधल्या फटीपुरती उरली नाही. षटकार, झेल, सामन्यातला महत्त्वाचा क्षण, प्रत्येकाच्या आधी कंपनीचे नाव लागले आणि समालोचक ते उच्चारू लागले. कबीर-तुकारामाच्या देशात नाव घेण्याला मोल असते हे ठाऊक होते, पण ते सेकंदाच्या दराने मोजले जाईल असे वाटले नव्हते.

२००९मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या हंगामात प्रत्येक डावात साडेसात मिनिटांची ‘स्ट्रॅटेजिक’ विश्रांती आणली गेली. खेळाडूंची लय तुटते अशी ओरड झाली. तेव्हा पुढच्या वर्षी ती रद्द न करता अडीच-अडीच मिनिटांच्या दोन तुकड्यांत वाटली. खेळाच्या नियमातच जाहिरातीसाठी जागा राखली गेल्याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत नाही.

२०२२मध्ये पुढच्या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. सामने ४१०. म्हणजे एका सामन्याचे सुमारे ११८ कोटी आणि पूर्ण चाळीस षटके झाली तर एका चेंडूचे सुमारे ४९ लाख. एवढे पैसे मोजणारा हातावर हात ठेवून बसणार नाही. त्याला दर चेंडूला डोळे हवेत, आणि ते मिळवण्यासाठी प्रेक्षकाच्या मनात जे काही पेटू शकते, ते पेटवणे त्याच्या हिशेबात बसते.

जुम्याचे सामने

इथे मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. प्रेक्षक सर्वांत जास्त कशाने खिळतो? भारत-पाकिस्तान सामन्याने. हे पहिल्यांदा व्यवस्थित ओळखले ते शारजाने. अब्दुल रहमान बुखातिर या उद्योजकाने माजी खेळाडूंच्या मदतनिधीसाठी तिथे प्रदर्शनीय सामने सुरू केले. १९८४मध्ये आशिया कपने तिथे आंतरराष्ट्रीय क्रिकेट आणले. तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, म्हणून मोठे सामने शुक्रवारी. जावेद मियाँदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, तो १८ एप्रिल १९८६चा दिवसही जुम्याचाच.

आमच्या मोहल्ल्यात हे जुम्याचे सामने नमाजच्या वेळेला आडवे यायचे. खुतब्याच्या आधी धावसंख्या विचारणारे आणि सलाम फेरताच चपला शोधणारे लोक मला आठवतात. त्यातले बहुतेक कपिलचे चाहते होते, काही इम्रानच्या गोलंदाजीवर फिदा होते, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदायच्या. सीमारेषेवर सिगारेटच्या कंपन्यांचे फलक असायचे. त्याचे कुणाला काही वाटत नसे. पण दुसऱ्या दिवशी कामावर, शाळेत, चहाच्या टपरीवर एक प्रश्न ठरलेला असे: ‘काय, काल कुणाकडून होतात?’ विचारणारा हसत विचारायचा. उत्तर देणाऱ्याला मात्र हसता हसता सावध राहावे लागायचे.

त्या प्रश्नाचे पुढे उत्पादन झाले. २०१५च्या विश्वचषकात ‘मौका मौका’ची जाहिरात आली. विश्वचषकात भारताविरुद्ध जिंकण्याची वाट पाहत फटाके सांभाळून ठेवणारा पाकिस्तानी चाहता त्यात होता. ती गमतीची होती, हे मान्य. २०१९मध्ये मँचेस्टरचा सामना ‘फादर्स डे’ला आला, तेव्हा आपल्याकडच्या वाहिनीने बाप-लेकाची जाहिरात केली आणि पाकिस्तानातल्या एका वाहिनीने आपल्या पकडल्या गेलेल्या वैमानिकाची नक्कल केली. एकाने डिवचायचे, दुसऱ्याने प्रत्युत्तर द्यायचे आणि दोघांनीही जाहिराती खपवायच्या.

दोन देशांत द्विपक्षीय मालिका २०१२-१३नंतर झालेली नाही. तरी पुरुषांच्या आयसीसी स्पर्धांत दोघे एका गटात येत राहिले. हे सोडतीतल्या चिठ्ठीने होत नाही. आपण हे सामने जाणीवपूर्वक घडवून आणतो, हे आयसीसीचे तेव्हाचे मुख्य अधिकारी डेव्हिड रिचर्डसन यांनी २०१६मध्ये उघडपणे मान्य केले होते. २०२५मध्ये पहलगामचा हल्ला झाला, मे महिन्यात दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर गेले, आणि सप्टेंबरच्या आशिया कपमध्ये दोन्ही संघ तीन रविवारी तीनदा खेळले. हस्तांदोलन झाले नाही, विजेत्यांनी चषक स्वीकारला नाही. प्रक्षेपण मात्र एकदाही थांबले नाही. शत्रू असेल तर खेळू नका, खेळायचे असेल तर हात मिळवा, अशी साधी रीत आपल्या गल्लीतल्या पोरांनाही कळते. बाजाराला दोन्ही एकत्र हवे असते, कारण तसे ते जास्त किमतीला जाते.

बिल कुणाच्या नावावर?

हे वैर खपवून झाल्यावर त्याचे काय होते? २४ ऑक्टोबर २०२१ला दुबईत भारत दहा गडी राखून हरला. अकरा खेळाडू हरले होते, पण समाजमाध्यमांवर धर्मावरून शिव्या मोहम्मद शमीला पडल्या. कर्णधार विराट कोहली त्याच्या पाठीशी ठाम उभा राहिला, ही त्या आठवड्यातली चांगली गोष्ट. २३ फेब्रुवारी २०२५ला चॅम्पियन्स करंडकातला भारत-पाकिस्तान सामना झाला. त्या वेळी देशविरोधी घोषणा दिल्याच्या आरोपावरून आपल्या मालवणमध्ये एका मुस्लीम कुटुंबावर गुन्हा नोंदला गेला आणि दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेने त्यांचे भंगाराचे दुकान जमीनदोस्त केले. आरोप सिद्ध व्हायचा होता. घोषणा झाली की नाही, हे न्यायालयाने ठरवायचे होते. बुलडोझरला तेवढा धीर नव्हता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने या कारवाईबद्दल नोटीस बजावली.

मालवणचे दुकान जाहिरातीने पाडले, असे मी म्हणणार नाही. ते पाडणारी यंत्रणा वेगळी आणि तिचे राजकारणही वेगळे. पण सामना म्हणजे युद्ध, आणि प्रेक्षक म्हणजे निष्ठा सिद्ध करणारा सैनिक, हे वातावरण वर्षानुवर्षे दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत विकले गेले आहे. नफ्याची नोंद वाहिनीच्या खात्यात होते, कंपनीच्या होते, मंडळाच्या होते. नुकसानीची नोंद मात्र कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. ती एखाद्या वसतिगृहातल्या पोराच्या, एखाद्या दुकानदाराच्या नावावर चढते.

नाही म्हणणारे

पैसा वाईटच, असा माझा दावा नाही. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा मोहम्मद सिराज २०१७च्या लिलावात २ कोटी ६० लाखांना घेतला गेला, तो याच टीव्हीच्या पैशातून. बडोद्याच्या मशिदीत अजान देणाऱ्याचा मुलगा इरफान पठाण आणि श्रीरामपूरचा झहीर खान घराघरांत पोहोचले, तेही याच पडद्यामुळे. जिमखान्यांच्या काळात राजेरजवाड्यांच्या मर्जीवर जगणारा खेळाडू आज स्वतःच्या हिमतीवर उभा आहे, ही मोठी गोष्ट आहे.

पण या बाजारात ‘नाही’ म्हणता येते, हेही खेळाडूंनीच दाखवले. हाशिम आमलाने दक्षिण आफ्रिकेच्या जर्सीवर बिअर कंपनीचे चिन्ह लावले नाही. मंडळाने त्याला चिन्हाविना जर्सी दिली आणि त्याच जर्सीत तो देशाचा कर्णधार झाला. रग्बीपटू सनी बिल विल्यम्सने २०१७मध्ये बँकेचे नाव असलेली पट्टी झाकली, कारण व्याजाचा धंदा त्याच्या श्रद्धेत बसत नव्हता. हे फक्त मुस्लिमांपुरते नाही. पुल्लेला गोपीचंदने २००१मध्ये ऑल इंग्लंड जिंकल्यावर शीतपेयाची जाहिरात नाकारली. जे मी पीत नाही, ते मुलांना प्या म्हणून कसे सांगू, हा त्यामागचा साधा विचार. एकाही खेळाडूची कारकीर्द त्यामुळे संपली नाही.

खेळाडूला जे जमते, ते मंडळांना जमायला हवे. सिगारेट जर्सीवरून गेली ती कंपनीला उपरती झाली म्हणून नव्हे. कायदा येतो आहे हे दिसल्यावर तिने २००१मध्ये काढता पाय घेतला आणि २००३चा तंबाखूविरोधी कायदा पुढे आलाच. सट्ट्याचे ॲप २०२५मध्ये गेले, तेही कायद्यानेच. (गुटख्याच्या नावाची इलायची अजून सामन्यांच्या मध्ये दिसते, तिचा हिशेब बाकी आहे.) म्हणजे बाजाराला हद्द घालता येते. १९९५च्या निकालातला राहून गेलेला अर्धा भाग हेच सांगत होता. सरकारपासूनही स्वतंत्र आणि कंपन्यांपासूनही स्वतंत्र अशी नियामक संस्था हवी, जिच्यापुढे वैर विकणाऱ्या जाहिरातीविरुद्ध सामान्य प्रेक्षकाला तक्रार नेता येईल. गट पाडताना आयसीसीने चिठ्ठ्या टाकाव्यात. भारत-पाकिस्तान समोरासमोर आले तर खेळावे, नाही आले तर बिघडले काय?

तोवर आपल्या हातात एवढे आहे: सामना पाहावा, मनापासून पाहावा, चांगल्या चेंडूला दाद द्यावी, मग तो कुणीही टाकलेला असो. आणि शेजारच्याला ‘कुणाकडून होतास’ हे विचारायचे सोडून ‘काल काय सुंदर खेळले’ असे म्हणावे. या वाक्याला प्रायोजक लागत नाही.